मटेरियल्स सायन्समधलं बीएस-एमएस ४+१ : खरंच वर्ष वाचतं का?

रानजाई
अमेरिकेत मटेरियल्स सायन्स अँड इंजिनीअरिंगला बॅचलर्स करता करताच मास्टर्सची क्रेडिट्स सुरू करायची आणि पाच वर्षांत दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडायचं, ही सोय आता बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत आहे. नावं निरनिराळी आहेत: कुठे ४+१, कुठे ॲक्सिलरेटेड मास्टर्स, मिशिगनला सग्ज, पेन स्टेटला आययूजी, स्टॅनफर्डला को-टर्म. माहितीपत्रकात मात्र बहुतेक ठिकाणी एकच वाक्य असतं: एक वर्ष वाचवा.

माझं मत असं की हे वाक्य जपून वाचावं. काय वाचतं ते दोन्ही पदव्यांत मिळून किती क्रेडिट्स सामाईक धरतात त्यावर ठरतं, आणि थिसिस घेतला तर प्रयोगशाळेतल्या घड्याळावर. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अर्ज करण्याआधी नेमकं काय तपासावं? थिसिस घ्यावा की नुसते कोर्स? पीएचडीचा विचार असेल तर या वाटेला जावं का? कृपया नियम, आकडे आणि कुठे अडतं ते लिहा, म्हणजे धागा नंतर येणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

अभ्रक
क्रेडिटचा हिशेब मांडतो, सगळं त्यातच आहे.

बॅचलर्स साधारण १२० सेमिस्टर क्रेडिट्सचं धरू (इंजिनीअरिंगला १२८ पर्यंतही जातं) आणि मास्टर्स ३० चं. म्हणजे एकूण १५०. मास्टर्सला फुल-टाइम म्हणजे बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला ९ क्रेडिट्स. आता बघा:

१२ क्रेडिट्स सामाईक असतील तर पाचव्या वर्षात १८ उरतात, म्हणजे ९ + ९. आरामात दोन सेमिस्टर.
९ सामाईक असतील तर २१ उरतात, म्हणजे ९ + १२. जमण्यासारखं, पण एक सेमिस्टर घट्ट.
६ सामाईक असतील तर २४ उरतात, १२ + १२. ग्रॅज्युएट पातळीचे चार-चार कोर्स एका वेळी. ॲडव्हान्स्ड थर्मोडायनॅमिक्स आणि कायनेटिक्स त्यात असतील तर श्वास घ्यायला वेळ नाही.

नेहमीच्या मार्गाने आलेल्याला ३० क्रेडिट्सना सहसा तीन सेमिस्टर लागतात. त्यामुळे खरी बचत एका सेमिस्टरची आणि तेवढ्या फीची. "एक वर्ष" हे ज्यांचं मास्टर्स एरवी दोन पूर्ण वर्षांचं झालं असतं त्यांच्यासाठीच खरं.

पाचोळा
स्टॅनफर्डचं नाव वर आलंय म्हणून: को-टर्ममध्ये युनिट्स दोनदा मोजत नाहीत. तिथे क्वार्टर पद्धत आहे, बॅचलर्सची १८० आणि मास्टर्सची ४५, मिळून २२५ पूर्ण करावी लागतात. फायदा एवढाच की चौथ्या वर्षातच मास्टर्सचे कोर्स सुरू करता येतात आणि बाहेरून नव्याने प्रवेश मिळवण्याची धावपळ टळते. ज्यांच्याकडे एपीची (शाळेतच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांची) क्रेडिट्स भरपूर आहेत त्यांना परवडतं. त्यामुळे "४+१" आणि "को-टर्म" एकाच तराजूत घालू नयेत.

भट्टीवाला
अभ्रक यांच्या हिशेबाला पूर्ण अनुमोदन. त्याला तीन खाचखळगे जोडतो, कारण माहितीपत्रकात हे कधीच ठळक नसतं.

पहिला, कोर्सचा क्रमांक. सीनियर, म्हणजे चौथ्या वर्षातले बरेच इलेक्टिव्ह दुहेरी क्रमांकाचे असतात. वर्ग एकच, प्राध्यापक एकच, पण ४०० च्या क्रमांकावर नाव नोंदवलं तर अंडरग्रॅज्युएट आणि ५०० च्या क्रमांकावर नोंदवलं तर ग्रॅज्युएट. ५०० वाल्यांना एखादा जादा प्रोजेक्ट किंवा टर्म पेपर असतो. सवयीने ४०० वर नाव घातलं की तो कोर्स मास्टर्सला चालत नाही, आणि तोच विषय पुन्हा ५०० वर घेताही येत नाही, कारण मजकूर तोच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, करोजन, पॉलिमर्स, कॉम्प्युटेशनल मटेरियल्स हे विषय हमखास असे दुहेरी असतात.

दुसरा, तारीख. प्रवेश मंजूर व्हायच्या आधी घेतलेला ग्रॅज्युएट कोर्स बऱ्याच ठिकाणी मागाहून सामाईक धरत नाहीत. म्हणजे अर्ज तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये आणि मंजुरी चौथं वर्ष सुरू होण्याआधी, हा क्रम सांभाळायलाच हवा.

तिसरा, ग्रेड. बॅचलर्सला सी चालतो. मास्टर्सला सामाईक धरायचं तर सहसा बी किंवा त्याहून वर लागतो. सी आला तर ती ३ क्रेडिट्स बॅचलर्सला जमा होतात, मास्टर्सच्या खात्यात शून्य. पाचव्या वर्षात एक कोर्स वाढला आणि वाचलेलं सेमिस्टर गेलं.

शून्यप्रहर
तिसऱ्या मुद्द्याला पुस्ती. ग्रॅज्युएटला एकूण जीपीए ३.० च्या खाली गेला की प्रोबेशन, हा जवळपास सार्वत्रिक नियम आहे. पहिल्या सेमिस्टरला तीनच कोर्स असतात, त्यामुळे एक ग्रेड फार जड पडते. बी प्लस (३.३), बी (३.०) आणि सी (२.०) मिळाले तर सरासरी २.७७. अंडरग्रॅज्युएटला पाच-सहा कोर्समध्ये असा एक सी विरघळून जातो, इथे नाही.

निवांत_
भोळा प्रश्न: भारतातली पाच वर्षांची ड्युअल डिग्री आणि हे एकच ना?

अभ्रक
@निवांत_, नाही. आयआयटीतल्या ड्युअल डिग्रीला जेईईच्या रँकवर सुरुवातीलाच प्रवेश मिळतो आणि अभ्यासक्रम पाच वर्षांचा म्हणूनच आखलेला असतो. अमेरिकेत प्रवेश चार वर्षांच्या बॅचलर्सला होतो आणि मास्टर्सची जोड तिसऱ्या वर्षी, जीपीए बघून देतात. तो उंबरठा ३.० ते ३.५ च्या दरम्यान, विभागागणिक वेगळा. न घेण्याची मोकळीक शेवटपर्यंत असते, हा मोठा फरक.

ब्रिटनमध्ये तिसराच प्रकार: चार वर्षांचं इंटिग्रेटेड एमइंज (मास्टर ऑफ इंजिनीअरिंग). ऑक्सफर्डच्या मटेरियल्स सायन्सला तर चौथं अख्खं वर्ष संशोधन प्रकल्पाचं असतं. चार्टर्ड इंजिनीअर व्हायला लागणारी शैक्षणिक पात्रता मान्यताप्राप्त एमइंजने पूर्ण होते, म्हणून तिथे ते लोकप्रिय.

पुनर्वसू
आता थिसिसबद्दल. ३० पैकी थिसिसला सहसा ६ ते ९ क्रेडिट्स. कागदावर दोन सेमिस्टर. प्रत्यक्षात ऑगस्टअखेर सुरुवात आणि एप्रिलमध्ये डिफेन्स, म्हणजे हातात सात-साडेसात महिने. त्यातून लिखाण आणि समितीला वाचायला द्यायचा वेळ वजा करा. उरलेल्या वेळात कोणते प्रयोग बसतात ते विषय निवडण्याआधी कॅल्क्युलेटर घेऊन बघावं. मटेरियल्समध्ये काही चाचण्या अशा आहेत की कितीही कष्ट केले तरी त्या लवकर होत नाहीत.

फटीग (पुन्हा पुन्हा ताण देऊन नमुना थकवणं): एक नमुना १ कोटी सायकल्सपर्यंत २० हर्ट्झवर चालवला तर ५ लाख सेकंद, म्हणजे पावणेसहा दिवसांहून थोडं जास्त. एस-एन वक्राला (ताण विरुद्ध सायकल्सचा आलेख) दहा-बारा नमुने तरी हवेत, आणि कमी ताणावरचे नमुने पूर्ण वेळ खातात. मशिन एकच आणि त्यावर आणखी दोन पीएचडीवाले. अल्ट्रासोनिक मशिनवर २० किलोहर्ट्झने तेवढ्याच सायकल्स साधारण सव्वाआठ मिनिटांत होतात, पण नमुना तापतो, म्हणून थांबत थांबत चालवावं लागतं आणि वारंवारतेचा परिणाम वेगळा समजावून सांगावा लागतो.

क्रीप (सततच्या ताणाखाली नमुन्याचं हळूहळू लांबत जाणं): १००० तासांची चाचणी म्हणजे जवळपास ४२ दिवस. तीन तापमानं आणि तीन ताण घेतले की नऊ चाचण्या. पुरेशा फ्रेम (चाचणीची यंत्रं) नसतील तर विषयच सोडा.

बॅटरी सायकलिंग: सी/२ दराने, म्हणजे दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज, ५०० सायकल्स म्हणजे २००० तास, ८३ दिवस. एका सायकलरवर बरेच सेल एकदम लागतात हे खरं, पण इलेक्ट्रोलाइटमध्ये ओलावा शिरला असेल तर त्या तुकडीतले सगळे सेल एकदमच बाद. तीन महिने पाण्यात.

भट्टीवाला
पुनर्वसू, फार नेमकं लिहिलंत. मग एका वर्षात बसणारा विषय कसा असतो त्याचं उदाहरण देतो: ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं एज हार्डनिंग (ठरावीक तापमानाला ठेवून कडक करणं).

५३० अंश सेल्सिअसला तासभर सोल्युशन ट्रीटमेंट, पाण्यात क्वेंच (झटकन थंड करणं), मग १७५ अंशाला अर्धा, एक, दोन, चार, आठ, सोळा, चोवीस तास एजिंग. प्रत्येक नमुन्यावर विकर्स हार्डनेसचे किमान पाच ठसे. अख्खा वक्र एका आठवड्यात हातात येतो. चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा.

पण इथेही एक गोम आहे, आणि ती न कळल्याने पुष्कळांचे आकडे जुळत नाहीत. क्वेंच केल्यावर नमुने टेबलावर ठेवून दिले तर खोलीच्या तापमानालाच मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अणू एकत्र येऊन बारीक गुच्छ करू लागतात. नंतर भट्टीत टाकल्यावर हे गुच्छ चटकन विरघळत नाहीत, आणि ज्या बारीक अवक्षेपांनी (धातूच्या आत तयार होणाऱ्या सूक्ष्म कणांनी) कडकपणा येतो त्यांची वाढ मंदावते. परिणामी शिखरावरचा हार्डनेस कमी येतो. सोमवारी क्वेंच करून लगेच भट्टीत टाकलेला नमुना आणि शुक्रवारी क्वेंच करून सोमवारी टाकलेला नमुना एकाच आलेखावर ठेवता येत नाहीत. उपाय: क्वेंच ते एजिंग हे अंतर सगळ्यांना सारखं ठेवा, शक्यतो काही मिनिटांचं. थांबावंच लागलं तर नमुने फ्रीझरमध्ये. आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नमुन्याजवळ लावा. भट्टीच्या पाटीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

रानजाई
भट्टीवाला, हेच हवं होतं. अशा विषयात टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) घातलं तर वेळ पुरेल?

स्फटिक
टीईएमचं मी सांगते. थिसिस प्रपोजलमध्ये "टीईएमने अवक्षेपांचा अभ्यास" हे तीन शब्द फार सहज लिहिले जातात.

आधी प्रशिक्षण. एसईएमचं (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं) प्रशिक्षण लवकर मिळतं. टीईएमवर स्वतः बसायची परवानगी मिळायला सहसा एक कोर्स आणि देखरेखीखालची बरीच सत्रं लागतात. शरद सेमिस्टरला नाव घातलं तर स्वतंत्रपणे काम जानेवारीत सुरू होतं. म्हणून तो कोर्स चौथ्या वर्षातच, सामाईक क्रेडिट म्हणून घ्यावा. भट्टीवाला यांनी सांगितल्याप्रमाणे ५०० च्या क्रमांकावर. सामाईक क्रेडिटचा याहून चांगला वापर मला दिसत नाही: क्रेडिटही वाचतं आणि पाचव्या वर्षाचे पहिले चार महिनेही.

मग नमुना. ॲल्युमिनियमची पट्टी घासून सुमारे १०० मायक्रॉनवर आणायची, ३ मिमीच्या चकत्या पंच करायच्या, ट्विन-जेटमध्ये नायट्रिक आम्ल आणि मिथेनॉलच्या मिश्रणात, साधारण उणे ३० अंशाला, भोक पडेपर्यंत पातळ करायचं. भोकाच्या कडेचा १०० नॅनोमीटरहून पातळ भाग तेवढा उपयोगाचा. द्रावण तापलं तर कडा खरवडल्यासारखी होते. यंत्र वेळेवर थांबलं नाही तर भोक मोठं होऊन पातळ कडा निघून जाते. थांबल्याक्षणी मिथेनॉलमध्ये बुडवून धुतलं नाही तर पृष्ठभाग खातो. पहिले बरेच नमुने वाया जातात, ते वेळापत्रकात धरूनच चालावं.

"एफआयबीने (फोकस्ड आयन बीमने) काढू" असं कोणी म्हणेल. ॲल्युमिनियमला गॅलियमचा एफआयबी जपून वापरावा. गॅलियम कणसीमांवर (धातूतल्या स्फटिककणांमधल्या सीमांवर) जाऊन बसतं आणि नेमकं तिथलंच रसायन बघायचं असेल तर निरीक्षण बिघडतं.

त्यामुळे रानजाई, उत्तर असं: हार्डनेसचा वक्र हा थिसिसचा कणा ठेवा, आणि टीईएम तीन अवस्थांपुरतं: शिखराआधी, शिखरावर, शिखरानंतर. सातही नमुन्यांचं टीईएम करायचं म्हणाल तर मे महिना उजाडेल.

पाचोळा
सिम्युलेशनचा पर्याय कोणी मांडला नाही. डीएफटी (क्वांटम सिद्धांतावरची गणनपद्धत) किंवा मॉलिक्युलर डायनॅमिक्सला (अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन) भट्टीही नको आणि मशिनची रांगही नको.

स्फटिक
रांग तिथेही असते, क्लस्टरवर. :) आणि डीएफटीत कटऑफ ऊर्जा आणि के-पॉइंट्सची कन्व्हर्जन्स चाचणी (गणनेची सूक्ष्मता वाढवली तरी उत्तर स्थिर राहतं का ते बघणं) आधी न करता आकडे काढले तर समिती पहिल्या प्रश्नातच अडवते. पण मान्य, वेळेचा अंदाज तिथे जास्त खात्रीने बांधता येतो.

शून्यप्रहर
मूळ धाग्यातला पीएचडीचा प्रश्न राहिला. माझं स्पष्ट मत: पीएचडी नक्की करायची असेल तर ४+१ करू नये. अमेरिकेत मटेरियल्सच्या पीएचडीला बॅचलर्सनंतर थेट प्रवेश मिळतो, फी माफ असते, वर स्टायपेंड. मास्टर्स वाटेत मिळून जातं. ४+१ चं पाचवं वर्ष मात्र बहुतेकांना स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. शिवाय पीएचडीचे अर्ज डिसेंबरात. पाचव्या वर्षाच्या डिसेंबरात थिसिसमधून दाखवण्यासारखं काहीच तयार नसतं. म्हणजे शिफारसपत्रं चौथ्या वर्षापर्यंतच्या कामावरच उभी राहतात. मग मधलं वर्ष कशाला?

पुनर्वसू
पूर्ण सहमत नाही. दुसऱ्या शाखेतून उशिरा मटेरियल्समध्ये आलेल्यांना, किंवा बॅचलर्समध्ये संशोधन करायला न मिळालेल्यांना, ते एक वर्ष दार उघडून देतं. एखादा पेपर नसला तरी "ही स्वतंत्रपणे काम करते" असं गाईड लिहू शकतो, पण त्यासाठी काम पाचव्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये नाही, चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्याआधी सुरू व्हायला हवं.

तुमचा पैशांचा मुद्दा मात्र बिनतोड. त्यात भर: पीएचडीला मास्टर्सची क्रेडिट्स हस्तांतरित करताना, जी क्रेडिट्स बॅचलर्सलाही मोजली गेली आहेत ती बऱ्याच ठिकाणी वगळतात. ज्यांना वाटतं "मास्टर्स झालं म्हणजे पीएचडीचे कोर्स संपले", त्यांनी आधी विचारून घ्यावं.

शून्यप्रहर
शाखा बदलणाऱ्यांचा मुद्दा पटला. तेवढा अपवाद मान्य.

अभ्रक
पैशांवरून: बॅचलर्सची पदवी केव्हा देतात हे विचारायला विसरू नका. दोन पद्धती आहेत. एकीत चौथ्या वर्षाअखेर बॅचलर्स हातात पडते आणि मग तुम्ही ग्रॅज्युएट विद्यार्थी. दुसरीत दोन्ही पदव्या शेवटी एकदम.

पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना सरकारी अनुदान) पहिली बॅचलर्स मिळेपर्यंतच मिळते. सबसिडाइज्ड फेडरल कर्ज २०१२ पासून ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना मिळत नाही. विद्यापीठाच्या अंडरग्रॅज्युएट शिष्यवृत्त्या सहसा आठ सेमिस्टरांपुरत्या. उलट ग्रॅज्युएट विद्यार्थी झाल्याशिवाय सहसा टीए-आरए (शिकवण्यातली किंवा संशोधनातली सहायकाची नोकरी) मिळत नाही. त्यामुळे स्थिती कोणत्या तारखेला बदलते ते आर्थिक मदत कार्यालयाकडून लेखी घ्यावं.

आणि मधेच सोडावं लागलं तर पहिल्या पद्धतीत बॅचलर्स पदरात असते. दुसऱ्या पद्धतीत नुसत्या बॅचलर्सवर परत येता येतं, पण कागदपत्रं नव्याने, आणि नोकरीची ऑफर तोवर थांबेलच असं नाही.

रानजाई
एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्यांसाठी यात काय बदलतं?

पाचोळा
पदवीची पातळी बदलली की नवीन आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) लागतो, त्यासाठी पुढच्या वर्षाच्या खर्चाची तरतूद पुन्हा दाखवावी लागते. फुल-टाइमची अट अंडरग्रॅज्युएटला १२ क्रेडिट्स, ग्रॅज्युएटला विद्यापीठ ठरवेल ती, सहसा ९. ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी) प्रत्येक पातळीला १२ महिने, आणि स्टेमचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) वाढीव २४. मटेरियल्स इंजिनीअरिंग आणि मटेरियल्स सायन्स दोन्ही स्टेमच्या यादीत आहेत. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते ६० दिवस नंतरपर्यंत. एका पातळीवर पूर्णवेळ सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकतानाच केलेलं काम) १२ महिने झालं की त्या पातळीची ओपीटी जाते, हे को-ऑप करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

आणखी एक: काही संरक्षणविषयक प्रकल्पांवर निर्यात नियंत्रणाचे नियम लागतात आणि तिथे सहसा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच काम करू शकतात. थिसिसचा विषय घेण्याआधी गाईडला हे सरळ विचारावं. सुपरअलॉय आणि कार्बन-कार्बन कॉम्पोझिटवाल्या प्रयोगशाळांत तर नक्कीच.

निवांत_
वाचनखूण साठवली. रच्याकने, कॅपस्टोन प्रोजेक्ट (शेवटच्या वर्षाचा सीनियर डिझाइन प्रकल्प) सामाईक धरतात का?

भट्टीवाला
सहसा नाही. सीनियर डिझाइन हा बॅचलर्सच्या एबीईटी (इंजिनीअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेचा भाग, त्याला हात लावत नाहीत. पण एक करता येतं: कॅपस्टोन आणि थिसिस एकाच मिश्रधातूवर घ्या. क्रेडिट वेगळी राहतात, पण भट्टीचं कॅलिब्रेशन, पॉलिशिंगची पद्धत, एचिंगचं (आम्लाने धातूची अंतर्रचना दिसती करण्याचं) द्रावण हे सगळं चौथ्या वर्षातच बसतं. ६०६१ ला केलर्स रिएजंट लागतो, त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल आहे, म्हणजे त्याचं वेगळं सुरक्षा प्रशिक्षण. तेही तेव्हाच उरकून घ्यावं.

पुनर्वसू
रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो: अर्जाआधी काय तपासावं. विभागाच्या ग्रॅज्युएट समन्वयकाला एकच ईमेल करा आणि त्यात हे विचारा: सामाईक क्रेडिट्स जास्तीत जास्त किती, त्यातली ५०० च्या वरची किती हवीत, कोणती ग्रेड लागते, मंजुरीआधीचे कोर्स धरतात का, बॅचलर्स केव्हा बहाल होते, आणि ॲडव्हान्स्ड थर्मोडायनॅमिक्स व कायनेटिक्स वर्षातून एकदाच असतात का. शेवटचा प्रश्न फार कोणी विचारत नाही. थर्मो फक्त शरदात, कायनेटिक्स फक्त वसंतात आणि कायनेटिक्सला थर्मोची पूर्वअट, असं असेल तर थर्मो चौथ्या वर्षाच्या शरदातच घ्या. ते पाचव्या वर्षावर गेलं आणि बिघडलं, तर पुढचा थर्मो वर्षभराने.

रानजाई
ही यादी मूळ पोस्टमध्ये वर टाकते. नुसते कोर्स घेऊन मास्टर्स करणाऱ्यांना सेमीकंडक्टर कारखान्यात प्रोसेस इंजिनीअरसाठी कोणते इलेक्टिव्ह उपयोगी, यावर कोणी लिहाल का?

स्फटिक
थिन फिल्म्स, सॉलिड स्टेट, डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स, आणि क्लीनरूममध्ये प्रत्यक्ष काम असलेला एक फॅब्रिकेशन कोर्स. चारातला शेवटचा सोडू नका. त्याच्या जागा कमी असतात, नोंदणी उघडल्या दिवशीच भरतात. आणि मुलाखती सप्टेंबर-ऑक्टोबरात होतात, त्यामुळे तोही चौथ्या वर्षात झालेला असला तरच रेझ्युमेवर दिसेल.